परतीची वाट बंद

गोव्याच्या डिचोली तालुक्यातलं शिरगाव, लईराई देवीचं शिरगाव. फेब्रुवारीतल्या दुपारी तिथल्या एखाद्या विहिरीवर मोटार चालू असते, वरच्या टाकीत पाणी पडत असतं, टाकीतून माडांना आणि मिरचीच्या वाफ्यांना जात असतं. तेवढ्यात वीज जाते. मोटारीचा आवाज उतरत उतरत थांबतो, टाकीच्या तोंडाशी येणारी धार बारीक होऊन तुटते. इथे एक साधा हिशेब करून बघा. विहिरीतल्या पाण्यापासून मोटारीपर्यंत ७ मीटर, मोटारीपासून टाकीपर्यंत आणखी २० मीटर चढ, नळी २ इंची. अशा नळीच्या दर मीटरला जवळजवळ २ लिटर पाणी मावतं. म्हणजे नळी सरळ उभी धरली तरी २७ मीटरमध्ये साधारण ५३ लिटर. वीज गेली त्या क्षणी हे ५३ किलो पाणी अधांतरी आहे. ढकलणारा पंप मेला. मग ते धाडकन खाली का येत नाही?

नळीच्या खालच्या टोकाला, विहिरीच्या तळापासून थोडं वर, एक झडप बसवलेली असते म्हणून. बिडाचं किंवा पितळेचं घर, आत चामड्याची किंवा रबराची चकती, खाली कचरा अडवायला जाळी. कागदावर ती फुटव्हॉल्व्ह, पुष्कळ शेतकऱ्यांच्या तोंडी 'फुटबॉल'. हीच झडप नळीच्या मधल्या वाटेवर बसवली की तिला एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणतात. तिला वीज लागत नाही. मोटार बंद पडली हे तिला कोणी कळवत नाही. पाणी वर चाललं की ती उघडते आणि पाणी मागे फिरलं की मिटते. मिटण्यासाठी लागणारा जोर मागे फिरणारं पाणीच पुरवतं. वर जितकं पाणी जास्त, तितकी ती घट्ट बसते. पळून जायला निघालेले ते ५३ किलोच दाराला आतून कडी घालतात!

मला ही चकती पंपाहून कौतुकाची वाटते. पंप पाणी चढवतो, पण चढलेलं पाणी चढलेलं राहतं ते तिच्यामुळे.

ती गळू लागली की काय होतं, ते विहिरीवर पाणी काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रात्रभरात नळीतलं पाणी थेंबाथेंबानं विहिरीत उतरतं, त्याच्या जागी हवा शिरते. सकाळी बटण दाबलं की मोटार नेहमीपेक्षा हलक्या आवाजात, मोकळी गरगरते आणि पाणी काही येत नाही. मोटारीनं हवा धरली. आता यात नवल असं की पंप नादुरुस्त नाही. तो आपलं काम पूर्ण जोमानं करतो आहे, फक्त पाण्यावर नव्हे, हवेवर. पंपाच्या पोटातला पंखा जे हाती लागेल ते फिरवून कडेला भिरकावतो, आणि भिरकावलेली वस्तू किती उंच जाईल ते तिच्या वजनावर ठरत नाही, वेगावर ठरतं. पाणी २० मीटर चढवणारा पंप हवाही २० मीटरच 'चढवतो'. पण हवा पाण्याहून सुमारे ८०० पटींनी हलकी. २० मीटर हवेचा दाब म्हणजे अडीच सेंटिमीटर पाण्याचा दाब. तेव्हा हवेनं भरलेला पंप कितीही वेळ फिरवा, विहिरीतलं पाणी नळीत दोन बोटं वर येईल आणि तिथेच थांबेल. म्हणून मग बूच उघडून कळशीनं पाणी भरणं आलं. झडप फारच गळकी असेल तर पाण्यात शेणकाला कालवून ओततात. शेणातले तंतू फटीत जाऊन बसतात आणि तेवढा दिवस निभतो. उपाय गावठी असला तरी त्यामागचं शास्त्र चोख आहे.

पंप पाणी ओढतो, असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर पाणी ओढता येत नाही. दोरी ओढता येते, कारण तिचे तंतू एकमेकांना धरून असतात. मोकळ्या पाण्याला तशी पकड नसते. पंप नळीतला दाब कमी करतो इतकंच, आणि मग विहिरीतल्या पाण्यावर बसलेलं आभाळभर हवेचं वजन पाण्याला नळीत ढकलतं. काम आभाळ करतं, बिल मात्र मोटारीच्या नावावर येतं. या ढकलण्याला मर्यादा आहे. १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओनं नोंदवलं की ओढणारा पंप ठरावीक उंचीपलीकडे पाणी चढवू शकत नाही. पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनानं तुटत असावा, असा त्याचा तर्क होता. १६४०च्या सुमारास रोममध्ये गास्पारो बेर्ती यानं एक उंच नळी पाण्यानं काठोकाठ भरून खालून उघडली. पाणी थोडं उतरलं आणि दहा मीटरच्या आसपास थबकलं. वर मोकळी जागा उरली, जिच्यात वरकरणी काहीच नव्हतं. पुढे तोरिचेल्लीनं तेच पाऱ्यावर करून दाखवलं आणि उलगडा केला: आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, आणि त्या समुद्राचं वजन १०.३ मीटर पाण्याइतकं आहे. प्रत्यक्ष विहिरीवर नळीचं घर्षण आणि झडपेचा अडथळा वजा जाता सहा-सात मीटर हाती लागतात. मोटार पाण्यापासून त्याहून उंच ठेवली की ती कुठल्या कंपनीची आहे याला अर्थ राहत नाही.

असं एकेरी दार माणसाच्या आधी निसर्गानं केलं, आणि ते आपल्या हातातच आहे. पादुआच्या फाब्रिशियसनं १६०३ साली शिरांमधल्या झडपांवर पुस्तक लिहिलं, पण त्या कशासाठी आहेत हे त्याला नीट उमगलं नाही. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे. सगळ्या झडपा हृदयाच्या दिशेनंच का उघडतात, हा प्रश्न त्यानं सोडला नाही, आणि १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरून परत हृदयाकडे येतं हे सिद्ध केलं. त्याचा प्रयोग तुम्हालाही करता येईल. हात खाली लोंबता ठेवा, दंड थोडा आवळा, शिरा फुगतील. फुगलेल्या शिरेवर खाली एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं त्यातलं रक्त वर, खांद्याकडे निपटत न्या. मधला तुकडा सपाट होतो. वरचं बोट काढलं तरी रक्त मागे येऊन तो तुकडा भरत नाही; एका ठिकाणी बारीक गाठ दिसते आणि रक्त तिथेच अडतं. ती गाठ म्हणजे शरीरातला एनआरव्ही. खालचं बोट उचला, शीर लगेच खालून भरते.

आता पुन्हा शिरगावात येऊ, कारण त्या १०.३ मीटरला या गावात फार अर्थ आहे.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. वरचा जांभा सच्छिद्र, त्यामुळे श्रावणात विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर आणि वैशाखात पार तळाला. लईराईची जत्रा येते वैशाख शुद्ध पंचमीला, नेमक्या वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत. हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, तळीवर स्नानं करून होमकुंडातून चालत जातात, देवीला मोगरा वाहिला जातो, आणि गावाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच भूजल सर्वांत खोल गेलेलं असतं. वायंगणी भात काय, माड-पोफळी काय, अळसांदे आणि मिरची काय, सगळ्यांची मदार पावसाळा सरल्यानंतरच्या पाण्यावर.

जांभ्याच्या आणि चिकणमातीच्या थराखाली या भागात लोहखनिजाचा भुसभुशीत, भुकटीसारखा थर आहे. खाणवाल्यांच्या लेखी ते खनिज. पाण्याच्या लेखी तो साठा आहे, कारण भुसभुशीत असल्यामुळे त्यात पाणी मावतं आणि वाहतं. खनिज काढायचं तर आधी हे पाणी काढावं लागतं. शिरगावच्या तिन्हीकडे खाणी होत्या. त्यांचे खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले (गोव्यातले काही खंदक तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले) आणि त्यांत झिरपून येणारं पाणी मोठमोठे पंप लावून उपसलं जाऊ लागलं. गावातले झरे आणि विहिरी आटल्या, शेतं पडीक झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं आणि नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडून गावच्या पाण्याचा अभ्यास झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातलं खाणकाम थांबवलं. ते पुढे सुरू झालं, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नव्यानं लिलाव झाला तेव्हा पहिल्या चार खाणपट्ट्यांपैकी दोहोंच्या नावात शिरगाव होतं: 'शिरगाव-मये' आणि 'मोंत द शिरगाव'.

खंदकातला पंप आणि विहिरीवरचा पंप यांचं यंत्र एकच, नियमही एकच. शेतकरी आपल्या नळीत झडप बसवून नळीतलं पाणी राखू शकतो. विहिरीतलं पाणी मात्र खालून, त्या भुकटीच्या थरातून सरकत खंदकाकडे निघालं, तर त्या वाटेवर झडप बसवायची सोय नाही. फुटव्हॉल्व्ह शाबूत असतो, मिटतोही. त्याच्या खाली पाणीच नसतं.

पाणी सात मीटरच्या पलीकडे गेलं की आधी मोटार विहिरीत उतरवून आतल्या कट्ट्यावर ठेवतात, जेणेकरून ती पाण्याच्या जवळ जाईल. तेही पुरेना झालं की बोअर आणि सबमर्सिबल. हा पंप पाण्यातच बुडालेला असल्यामुळे हवा धरण्याचा प्रश्न मिटतो. तो खालून ढकलतो, आभाळाच्या मदतीची त्याला गरज नाही. झडप आता पंपाच्या डोक्यावर येते. ती नसली तर वीज जाताच वरचं सगळं पाणी पंपातून खाली धावतं आणि पंखा उलटा फिरवतं. काही क्षण पंपाची पाणचक्की होते. नेमकी तेव्हाच वीज परत आली आणि ऑटो-स्टार्टरनं मोटार सुलट सुरू केली, तर उलट्या फिरणाऱ्या दांड्याला सुलट हिसका बसतो. दांडा पिळवटू शकतो, मोटार जळू शकते. ज्यांच्याकडे वीज लपंडाव खेळते त्यांनी ऑटो-स्टार्टरला काही मिनिटांचा उशीर लावून घ्यावा तो यासाठीच.

पण सबमर्सिबलची खरी अजब गोष्ट दुसरीच आहे. काही जण पंपाजवळची झडप काढून टाकतात किंवा ती गळते, आणि वर जमिनीपाशी बसवलेली दुसरी झडप मात्र ठणठणीत असते. आता मोटार बंद झाली. वरची झडप मिटली. खालचं पाणी तिला लोंबतं आहे. बोअरमधली पाण्याची पातळी या झडपेपासून १०.३ मीटरपेक्षा जास्त खाली असेल तर? आभाळाला तितकंच पेलता येतं. त्याहून जास्तीचं पाणी खाली निसटतं आणि झडपेखाली एक पोकळी तयार होते, तिच्यात पाण्याच्या विरळ वाफेखेरीज काही नसतं. बेर्तीनं रोममध्ये खटाटोप करून जी पोकळी केली, तीच बोअरच्या नळीत मोटार बंद झाल्यावर आपोआप होते! सकाळी बटण दाबलं की पंपाला वर काही अडथळाच नसतो. पाणी पोकळीतून भन्नाट वेगानं चढतं आणि वरच्या मिटलेल्या झडपेवर आदळतं. जमिनीत धाड असा आवाज येतो, नळी थरथरते, आणि असं रोज होऊ लागलं की कधीतरी सांधा सुटतो. म्हणून पहिली झडप पंपालगत, पाण्याखाली बसलेली हवी. नळी फार लांब असेल तर मध्ये आणखी झडपा चालतात, पण खालच्या झडपेला पर्याय म्हणून वरची चालत नाही.

त्या धाडकन आवाजाचा हिशेब मॉस्कोच्या पाणीपुरवठा नळांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्कीनं मांडला, १८९८ साली. पुढे रशियन विमानविद्येचा जनक म्हणून गाजला तो हाच. वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याचा वेग दाबात बदलतो, आणि तो दाब नळीतून लाटेसारखा धावतो. सेकंदाला दीड मीटर वेगानं चाललेलं पाणी लोखंडी नळीत झटकन थांबवलं तर सुमारे १८० मीटर उंच पाण्याइतका दाब उसळतो. पीव्हीसी नळी थोडी फुगते, लाट मंद होते, त्यामुळे तिथे ६० मीटरच्या आसपास. दिलासा वाटला असेल तर थांबा: शेतात जी ६ किलोची नळी वापरतात तिची सगळी सहनशक्ती ६० मीटरचीच असते, ४ किलोच्या नळीची ४० मीटरची, आणि चढाचा नेहमीचा दाब आधीच तिच्यावर असतो.

आता झडपेची निवड कशी करायची ते या लाटेवरून कळतं. वीज गेल्यावर पाणी लगेच मागे फिरत नाही. आधी जोरात वर जात राहतं, मंदावतं, क्षणभर थांबतं, मग उलटतं. झडप त्या थांबण्याच्या क्षणी मिटली तर आवाजसुद्धा होत नाही. बिजागरीवर लोंबणारी पाकळी आळशी असते. पाणी उलटून वेग घेईपर्यंत ती अर्ध्या वाटेत असते आणि मग आपटते. स्प्रिंगची चकती पाणी मंदावत असतानाच जागेवर येऊ लागते. सबमर्सिबलवर स्प्रिंगवालीच घ्यावी, दोन पैसे जास्त गेले तरी.

लोहखनिजाच्या मुलखात झडपेला आणखी एक शत्रू असतो, तोही जिवंत. जमिनीखाली हवा नसते तिथे लोह पाण्यात विरघळून राहतं. विहिरीत हवा लागली की गंजाच्या रूपात बाहेर पडतं, आणि या बदलातून निघणाऱ्या ऊर्जेवर जगणारे जिवाणू आहेत. गॅलिओनेला हा त्यांतला प्रसिद्ध. लोह जेवून तो नारिंगी, बुळबुळीत गाळ मागे ठेवतो. चकतीच्या बैठकीवर त्याचा पातळ थर बसला तरी पुरे, झडप मिटते पण बंद होत नाही. विहिरीचा गाळ काढताना फुटव्हॉल्व्ह वर घेऊन बैठक पुसली तर निम्मी दुखणी तिथेच संपतात. नवा घेताना भारतीय मानक १०८०५ चा शिक्का बघावा. शेतीपंपांच्या झडपांसाठीचं हे मानक अडथळ्याचा गुणांक ०.८ च्या वर जाऊ देत नाही, म्हणजे सेकंदाला २ मीटर वेगाला झडपेत फुकट जाणारी उंची १६ सेंटिमीटरच. अरुंद, खरखरीत झडप याच्या कितीतरी पट खाते, आणि ते नुकसान दिसत नाही, विजेच्या बिलात मुरून जातं.

ठिबकातून खत सोडणाऱ्यांसाठी एनआरव्ही ऐच्छिक नाहीच. मोटार बंद होताच नळीतलं युरिया मिसळलेलं पाणी उताराच्या नियमानं विहिरीकडे निघतं. गोव्यात पुष्कळ घरांत बागेची विहीर आणि पिण्याची विहीर एकच.

आणि शेवटी एक यंत्र, ज्यात मोटार नाही, पंखा नाही, आहेत त्या फक्त दोन झडपा. गरम हवेच्या फुग्यानं गाजलेल्या मोंगोल्फिए बंधूंपैकी जोसेफनं ते १७९६ साली बनवलं. हायड्रॉलिक रॅम म्हणतात त्याला. वर सांगितलेला तो तडाखा, नळ्या फोडणारा, त्यानं कामाला लावला. ओढ्याचं पाणी उतरत्या नळीतून एका उघड्या झडपेपाशी येतं आणि बाहेर सांडतं. वेग वाढला की हेच पाणी त्या झडपेला ओढून धाडकन मिटवतं. दाब उसळतो, दुसरी झडप उघडते, थोडं पाणी तिच्यातून हवेच्या डब्यात आणि तिथून वरच्या नळीत शिरतं. दाब ओसरला की दुसरी मिटते, चढलेलं पाणी वर अडकतं, पहिली आपल्या वजनानं पुन्हा उघडते. मिनिटाला चाळीस-पन्नास ठोके, रात्रंदिवस. ओढ्याला २ मीटरचा उतार असला तर दहा लिटरमागे साधारण एक लिटर १२ मीटर वरच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पोचतं, बाकीचे नऊ ओढ्यातच वाहत राहतात. त्यासाठी बारमाही झरा मात्र हवा, आणि देखभाल म्हणाल तर झडपांच्या चकत्या झिजल्या की बदलायच्या.